आई-वडील परदेशी पाहुणे म्हणून येतात तेव्हा

नोकरीनिमित्त परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आई-वडिलांनी महिनाभर राहून येणे ही आता गावाकडेही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. शिरूर तालुक्यातल्या आमच्या कवठे येमाईतूनही लोक अशी वारी करून येतात आणि मग पारावर काही दिवस विमानाच्या गोष्टी चालतात. मात्र या मुक्कामाची तयारी करताना मुले-सुना हमखास एक चूक करतात, आणि ती आम्हा उभयतांकडूनही झाली. आम्ही प्रेक्षणीय स्थळांची यादी केली. दिवसांचा विचार केला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आई-अण्णा सिंगापूरला आमच्याकडे आले आणि नवव्या दिवशी सकाळी अण्णांनी चहा पिता पिता विचारले, "तिकीट अलीकडं करून मिळतं का रे?" असे का झाले आणि पुढे ते पूर्ण मुदत कसे राहिले, हे सांगितले तर अशाच तयारीत असलेल्या इतरांच्या ते उपयोगी पडावे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम मुदतीविषयी, कारण तिथे बहुतेकांचा गैरसमज असतो. भारतीय पारपत्रधारकाला सिंगापूरला येण्यासाठी व्हिसा लागतो आणि इथे राहणारा मुलगा ओळख देणारा म्हणून तो अर्ज करू शकतो. व्हिसा हाती आला की गावाकडे समज होतो, 'दोन वर्षांचा व्हिसा मिळाला, आता दोन वर्षे राहायला मोकळे.' तसे नसते. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि पाहुण्यांना साधारणपणे तीस दिवस मिळतात. मुदतवाढ मागता येते, ती मिळेलच असे नाही. आई-वडिलांना दीर्घ मुदतीचा पास मिळावा असे वाटत असेल, तर मुलाचा निश्चित मासिक पगार किमान बारा हजार सिंगापूर डॉलर असावा लागतो. आमच्यासारख्या सामान्य नोकरदारांपैकी अनेकांचा प्रश्न या एका आकड्यापाशी संपतो. याशिवाय पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत 'आगमन पत्र' ऑनलाइन भरावे लागते. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आता सामानाविषयी. गावाकडची पिशवी म्हणजे लाडू, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचे पीठ आणि काळा मसाला. यात अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. खसखशीत अफूच्या अर्काचे अंश राहतात, त्यामुळे इथल्या अमली पदार्थविरोधी विभागाच्या लेखी ती साधी मसाल्याची जिन्नस नाही. अनारशावरची किंवा मसाल्यातली खसखस घरीच ठेवावी. मांसाहारी पदार्थ आणू नयेत. दुसरी आणि मोठी अडचण तंबाखूची. खाण्याची तंबाखू, गुटखा, खैनी यांवर सिंगापुरात बंदी आहे. सिगारेटला करमाफीची सवलत नाही, एकाही नाही. अण्णांची चंची आणि आईची मिश्रीची डबी, दोन्ही मुंबईच्या विमानतळाबाहेर सोडाव्या लागल्या. ही गोष्ट मी त्यांना फोनवर आधी सांगितली होती, पण 'थोडीशी चालती' या आपल्या राष्ट्रीय श्रद्धेला उपाय नसतो.

तंबाखूचा हा तपशील मी मुद्दाम लिहितो आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत अण्णांची डोकेदुखी, चिडचिड आणि झोपमोड आम्ही विमानप्रवासाच्या खात्यावर टाकली. वास्तविक पन्नास वर्षांची सवय एका रात्रीत तुटली होती. जवळच्या औषधविक्रेत्याने विचारपूस करून निकोटिनचा औषधी गम सुचवला. च्युइंगमवर १९९२ पासून बंदी असलेल्या या देशात २००४ पासून औषधी गमाला तेवढी मुभा आहे. त्यामुळे सिंगापुरात उघडपणे गम चघळत फिरणारे कवठ्याचे बहुधा पहिले शेतकरी म्हणून अण्णांची नोंद व्हायला हरकत नाही. ज्यांचे वडील तंबाखू खातात त्यांनी निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांशी बोलून घ्यावे. विमानतळावर हा प्रश्न सोडवू नये.

हवामानाविषयी गावाकडच्या माणसाचा अंदाज सपशेल चुकतो. 'आमच्याकडं चाळीस डिग्रीत नांगरट करतो, तुमच्या बत्तीसला काय व्हतंय!' असे अण्णा म्हणाले होते. पण शिरूर तालुका पर्जन्यछायेचा. वर्षाला ढोबळमानाने पाचशे मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात हवा कोरडी, घाम येताक्षणी वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एकशे सदतीस किलोमीटरवर. पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक आणि हवेत बाष्प इतके की घामाला वाळायला जागाच नसते. घाम वाहतो, पण शरीर निवत नाही. त्यातून दुपारी उन्हातून थेट वातानुकूलित दुकानात आणि पुन्हा बाहेर, असे दिवसातून दहा वेळा झाले की साठीच्या पुढच्या सांध्यांना ते सोसत नाही. आईचे गुडघे तिसऱ्याच दिवशी धरले. इथला पारा वर्षभर पंचवीस ते बत्तीसच्या दरम्यान रेंगाळतो. आजवरची नोंदलेली नीचांकी नोंद १९३४ सालची १९.४ अंशांची आहे. म्हणजे आमच्या गावच्या डिसेंबरातल्या पहाटेची थंडी या बेटाने कधीच पाहिलेली नाही. "मग इथं रब्बी कधी धरायची?" हा अण्णांचा प्रश्न विनोदाने घेण्यासारखा नव्हता. ज्या माणसाचे सारे आयुष्य ऋतूंवर बेतलेले, त्याला ऋतूच नसलेल्या ठिकाणी दिवस मोजायला काही उरत नाही.

घड्याळाचेही तसेच. भारतापेक्षा इथले घड्याळ अडीच तास पुढे आहे. शिवाय भूगोलाच्या हिशेबाने सिंगापूरचे घड्याळ जिथे असायला हवे, त्याहून ते सुमारे तासभर पुढे लावलेले आहे. १९८२ मध्ये मलेशियाने आपल्या दोन भागांची वेळ एक केली आणि सिंगापूरनेही तीच स्वीकारली. त्यामुळे सूर्य बाराही महिने सातच्या आसपास उगवतो आणि सातनंतर लगेच मावळतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक केवळ नऊ-दहा मिनिटांचा. आमच्याकडे तो सव्वादोन तासांच्या घरात जातो. अण्णा गावी पहाटे साडेचारला उठतात. इथे तेव्हा सात वाजलेले असतात आणि आमची कामावर निघण्याची धांदल चालू असते. रात्री आम्ही साडेदहाला दिवे मालवतो तेव्हा त्यांच्या अंगातल्या घड्याळात आठच वाजलेले. एकटे माणूस परक्या घरात अंधारात दोन तास जागे पडून राहते आणि मनात काय काय येते, ते सकाळी कुणाला सांगत नाही.

एका रात्री ते इमारतीच्या मोकळ्या सज्ज्यात उभे होते. ध्रुव शोधत होते. कवठ्यात उत्तरेला एकोणीस अंशांवर दिसणारा ध्रुव इथे क्षितिजाला टेकलेला असतो, म्हणजे व्यवहारात दिसतच नाही. मी ते समजावून सांगितले. ते म्हणाले, "मग रात्री वाट चुकल्याव इथं माणूस काय करतंय?" मी मोबाइलवरचा नकाशा दाखवला. त्यांनी तो पाहिला, पण त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

या सगळ्या काळात आम्ही मात्र यादी उरकत होतो. सेंतोसा बेट, पक्ष्यांचे उद्यान, समुद्राकाठची ती तीन बुरुजांची इमारत. आठ दिवसांत आम्ही त्यांना इतके दाखवले की त्यांना त्यातले काहीही वेगळे आठवेना. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघे कामावर, हे दोघे अकराव्या मजल्यावर. दार बाहेरून कुणी वाजवीत नाही. खाली उतरले तर परत आपले दार सापडेल की नाही याची धास्ती, कारण सगळ्या इमारती सारख्याच. ज्यांच्या घरी वर्षभर पाहुण्यांची ये-जा, ज्यांनी आजवर कुणाला चहाशिवाय पाठवले नाही, ती माणसे इथे स्वतः पाहुणी होऊन बसली होती. आईने स्वयंपाकघरात हात घातला की माझी पत्नी म्हणे, "आई, तुम्ही बसा, आराम करा." तिच्या मनात आदरच होता. पण दिवसभर आराम करण्याची शिक्षा आईने यापूर्वी एकदाच भोगली होती, बाळंतपणानंतर.

तिकिटाचा प्रश्न आला तो याच पार्श्वभूमीवर. त्या संध्याकाळी आम्ही यादी फाडली आणि तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, त्यांना एकट्याने जाता येईल असा एक तरी रस्ता हवा. आम्ही सेंगकांगला राहतो. तिथून जांभळ्या मार्गिकेची भुयारी गाडी कुठेही न बदलता थेट 'लिटिल इंडिया'ला जाते, नववे स्थानक. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही, पण नऊ मोजता येतात. दोन दिवस मी बरोबर गेलो, तिसऱ्या दिवशी मागच्या डब्यात बसलो आणि चौथ्या दिवशी गेलोच नाही. खिशात आमचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, हातात भाड्याचे कार्ड. गाडीत खाणे-पिणे चालत नाही आणि सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभे राहायचे, एवढेच नियम. नऊवारी नेसणाऱ्या आईसाठी मात्र सरकता जिना वर्ज्य. प्रत्येक स्थानकावर उद्वाहन असते, तेच वापरावे.

नवव्या स्थानकाबाहेर टेक्का बाजार आहे. तिथे अण्णांना कांदा भेटला. भेटला हाच शब्द योग्य. ढिगासमोर उभे राहून त्यांनी एक उचलला, पापुद्रा चोळला, मान दाबून पाहिली आणि म्हणाले, "आपल्याकडलाच हाय." मलाय आणि इंडोनेशियाई मुलखात मोठ्या कांद्याला 'बावांग बोंबाय', म्हणजे मुंबईचा कांदा असेच म्हणतात, पूर्वीच्या काळी तो मुंबई बंदरातून येई, त्याची ही खूण. सिंगापूर आपल्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न आयात करते, तेव्हा या ढिगामागे कुठला तरी शेतकरी असतोच. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांदानिर्यात थांबवली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण शुल्कासह. शुल्क पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २०२५ ला. तोवर परदेशी गिऱ्हाइकांनी दुसरीकडचा माल घ्यायची सवय लावून घेतली होती. अण्णा आले तेव्हा गावाकडे चाळीतला कांदा सडत होता आणि भाव खर्चालाही पुरत नव्हता. इथला भाव त्यांनी मला रुपयांत करायला लावला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मात्र रोज टेक्क्याला जायचे आणि भाव लिहून आणायचे, हे त्यांनी स्वतःच अंगावर घेतले. रोज रात्री धाकट्या भावाला फोन करून दोन्हीकडचे भाव ताडून पाहायचे. सेंतोसाने जे केले नाही ते कांद्याने केले.

दुसरी गोष्ट, घरातले काम वाटून द्यायचे. सकाळचा स्वयंपाक आईकडे गेला आणि माझी पत्नी, लग्नानंतर प्रथमच, बाजरीची भाकरी थापायला बसली. दोघींचे त्याआधी जे गोड-गोड चालले होते ते संपून खरे बोलणे सुरू झाले. यात एकदोनदा वादही झाले. त्यांचा तपशील देण्याची गरज नाही. वाद होणे हे घर झाल्याचे लक्षण मानावे.

तिसरी गोष्ट आम्ही ठरवली नव्हती, ती शेजाराने दिली. इथले बहुतांश लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात आणि त्यातल्या बहुसंख्य इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. आपल्याकडचा पारच तो, फक्त वडाऐवजी खांब. तिथे दुपारी चिनी म्हातारे बुद्धिबळासारखा एक खेळ मांडून बसतात. मलाय कुटुंबांची लग्ने तिथेच लागतात आणि कुणी गेले तर मांडवही तिथेच पडतो. इमारतीमागे रहिवाशांची सामायिक बाग आहे. २००५ पासून उद्यान विभागाच्या उत्तेजनाने अशा बागा वसाहतींतून झाल्या आहेत. अण्णा कठड्याबाहेर उभे राहून दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका वृद्ध चिनी गृहस्थांनी न बोलता त्यांच्या हाती 'चांगकोल' दिले. चांगकोल म्हणजे आपले फावडेच, दांडा थोडा लांब. दोघांना एकमेकांची भाषा अवाक्षर येत नाही. तरीही कढीपत्त्याची छाटणी कुठून करायची यावरून त्यांचा मतभेद झाला आणि तो हातवाऱ्यांनी मिटलाही.

त्या वर्षी एक योग मोठा विलक्षण होता. २७ ऑगस्टला गणपती बसले. चिनी पंचांगातला सातवा महिना २३ ऑगस्टलाच सुरू झाला होता. या महिन्यात पूर्वजांचे आणि बेवारस आत्मे पृथ्वीवर येतात अशी श्रद्धा. जागोजागी कागदी नोटा जाळतात, रस्त्याकडेला फळे-भात मांडतात, आणि रात्री मंडप घालून त्यांच्यासाठी गाण्याबजावणीचे कार्यक्रम करतात. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या असतात; त्या आत्म्यांसाठी राखलेल्या. आईला हे समजावून सांगावे लागले नाही. "पितरं हायत," ती म्हणाली आणि दुरून हात जोडले. अण्णा मात्र मंडप पाहून हरखले. लोकनाट्ये आणि वगनाट्ये लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर आमच्याच गावचे. २०२१ च्या नोव्हेंबरात ते गेले. अण्णांनी उभी हयात तमाशाच्या कनातीत काढली, निदान आईचे तरी तसे म्हणणे आहे. झगमगीत कपड्यांतल्या त्या चिनी गायिकेची बतावणी ऐकून ते अचूक जागी हसत होते. शब्द कळत नव्हते; पण विनोद कुठे येणार हे कळत होते. आमच्या घरच्या गणपतीचे विसर्जन अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, बादलीत केले. योगायोगाने तोच दिवस चिनी सातव्या महिन्यातल्या पंधराव्या तिथीचा, त्यांच्या मुख्य पूजेचा.

आता ज्या गोष्टीसाठी आईला इथून निघणे जड गेले, ती सांगतो. आमचा पट्टा घोड नदीच्या खोऱ्यातला. पाणी आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. बिबटीण उसातच विते, पिल्ले तिथेच वाढतात, त्यांना जंगल माहीतच नसते. दिवेलागणीनंतर आमच्याकडे वस्तीवरची बाई एकटी अंगणात येत नाही. इथे रात्री दहा वाजता आई आणि माझी पत्नी जेवून शतपावलीला खाली उतरत. पहिल्या रात्री आई पायऱ्यांपाशीच थांबली होती. शेवटच्या आठवड्यात ती एकटीच फेरी मारून येऊ लागली. प्रकाशझोतात उजळलेल्या त्या वाटेवर चालताना तिने हातातली काठी केव्हा सोडून दिली हे कुणाच्या लक्षातही आले नाही. पुढे काठी आमच्या दारामागेच राहिली.

सप्टेंबरच्या मध्याला तीस दिवस भरले आणि दोघे परत गेले. मुदतवाढीचा विषय आम्ही काढला होता. अण्णांनी शेताचे कारण सांगून तो मिटवला. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यात दोन मुले आणि एक वृद्धा होती. लोक संतापून महामार्गावर उतरले. ती गावे आमच्याच भागातली. त्या दिवसांत आई फोनवर सांगे की साडेपाचला कडी लावून घेतो. माझी पत्नी विचारी, "आई, पुन्हा अर्ज करू का?" बारा हजारांचा तो आकडा आमच्या पगारापासून दूर आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण तीस दिवसांचा अर्ज पुन्हा करता येतो. तो आम्ही करणार आहोत. या वेळी यादी केलेली नाही. अण्णांचे भाड्याचे कार्ड आणि आईची काठी जागेवर आहे. सामायिक बागेतले ते वृद्ध गृहस्थ भेटले की दोन बोटे डोक्याशी नेऊन टोपीची खूण करतात आणि भुवया उंचावतात; मी हाताने विमान दाखवून 'येतील' म्हणतो.

अण्णांचा फोन आता उलट दिशेने येतो. दर रविवारी, इथले अकरा वाजले की. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टेक्क्याला कांदा काय निघाला?"